मामांच्या बंदुकीचा घोडा

माझे मामा चष्मे विकतात आणि बंदुका जमवतात. बंदुकाही कसल्या, तर एकोणिसाव्या शतकातल्या फौजी, दारू भरलेल्या तांब्याच्या इवल्याशा टोपीवर उडणाऱ्या. सात आहेत, एकही उडत नाही. दर रविवारी मामा त्यांना तेल लावतात आणि मामी भाजी निवडता निवडता ‘भंगार’ हा शब्द दोनदा तरी उच्चारते.

त्यातल्या सर्वांत जुन्या बंदुकीला घोडा नव्हता. चाप ओढला की टोपीवर आपटतो तो लोखंडी तुकडा म्हणजे घोडा. त्याच्यासाठी मामांनी अकरा वर्षं बाजार पालथे घातले. अपुरी बंदूक भिंतीवर लावायची नाही म्हणून ती कपाटाआड असायची. बाकीच्या सहा तरी बघायला कोण येत होतं म्हणा.

एकदा एका गिऱ्हाइकाकडून कळलं, शेजारच्या गावातल्या भंगारवाल्याकडे नेमका तसा घोडा आहे. मामांचा पाय नेमका तेव्हाच प्लॅस्टरमध्ये. त्यांनी टेम्पो चालवणाऱ्या मेव्हण्याला, म्हणजे मामीच्या भावाला, फोन केला. “भंगारवाल्याकडे जुना घोडा आहे. मागेल ते दे, पण घेऊनच ये.”

मेव्हणा शब्दाला पक्का. संध्याकाळी टेम्पो दारात थांबला आणि आत काहीतरी फुरफुरलं. भंगाराची गाडी ओढून म्हातारा झालेला, पांढऱ्या कपाळाचा, चांगला चार पायांचा घोडा!

मामांनी तिथल्या तिथे भंगारवाल्याला फोन लावला. लोखंडी घोडा दुपारीच दुसऱ्या एका शौकिनानं नेला होता, आणि हा परत घ्यायला भंगारवाला तयार नव्हता. मामांनी फोन ठेवला. मला हसू आवरत नव्हतं, पण त्यांचा चेहरा पाहून मी घोड्याला पाणी द्यायला बाहेर सटकलो.

घोडा परसात राहिला. दुसऱ्या दिवशी तो बघायला अख्खी गल्ली लोटली. लोक पाणी प्यायला आत यायचे आणि भिंतीपाशी थबकायचे. प्लॅस्टरचा पाय स्टुलावर टाकून मामा एकेका बंदुकीची कुळकथा सांगू लागले. ऐकणारे मिळाल्यावर त्यांचा आवाजच बदलला. ते पाहून मामीनं कपाटाआडची सातवी स्वतःच बाहेर काढली, फडक्यानं पुसली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

पोस्टमननं ती निरखून पाहिली. “हिला घोडा नाही वाटतं?”

मामांनी मान खाली घातली.

“आहे की,” मामी म्हणाली. “परसात गवत खातोय.”