अप्पांच्या दुकानातली उभी मीटिंग

माझ्या सासऱ्यांच्या निधनाबद्दल लातूरच्या कापडगल्लीनं कडकडीत बंद पाळला, तेव्हा सासरे रिक्षात बसून दुकानाकडेच येत होते.

मी पुण्यात कंपन्यांना ‘एजाइल’ (चपळ) पद्धत शिकवतो. म्हणजे रोज सकाळी सगळ्यांनी उभ्या उभ्याच थोडक्यात बोलायचं, की कामं भराभर सरकतात. अप्पांच्या साड्यांच्या दुकानात मात्र सगळे पांढऱ्या गादीवर मांडी घालून! मी सासुरवाडीला आलो होतो, त्या सकाळी अप्पा गुडघा दाखवायला डॉक्टरकडे गेले आणि दुकान माझ्या हाती आलं. त्यात निलंग्याचं मोठं घराणं लग्नाचा बस्ता बांधायला येणार होतं. बायकोनं बजावलं, “बस्ता हातचा गेला तर माहेरी तोंड दाखवायला जागा न्हाई मला!” (घाबरलो की मी मीटिंग घेतो.)

गिऱ्हाईक मध्येच नको म्हणून शटर अर्धं ओढलं आणि सगळ्यांना दारात ओळीनं उभं केलं.

“आधी एक मिनिट डोळे मिटून कालच्या चुका आठवा!”

मुनीम बसवराजकाका कुजबुजले, “जावईबापू, असं उभारू नये हो. बरं दिसत न्हाई.”

“काका, नव्या गोष्टीला सुरुवातीला विरोध होतोच!”

समोरच्या भांडेवाल्यानं पाहिलं : अर्धं शटर, खाली माना, गादीवर अप्पा नाहीत. त्यानं टोपी काढली आणि आपलं शटर ओढलं. (व्यापारी गेला की सगळ्या गल्लीनं शटर ओढायचं, हा तिथला रिवाज.) मग शेजारचं, मग पलीकडचं. बघता बघता चौकापर्यंत बाजार बंद! इतकी चपळ संघटना मी पुण्यातही पाहिली नव्हती.

तेवढ्यात निलंग्याची जीप आली. नवरीचे आजोबा म्हणाले, “शुभ कामाला निघालो अन् दुखवट्यात कसं शिरावं? फिरव गाडी!”

मी धावलो. “अहो, मी अप्पांचा जावई! अप्पा ठणठणीत हायत!”

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “सुरुवातीला असंच वाटतंय, पाव्हणं. धीर धरा.”

“खरंच हायत! गुडघा दाखवायला गेलेत!”

“लई जीव होता सासऱ्यावर,” आजोबा डोळे पुसत म्हणाले आणि जीप चौकातल्या दुसऱ्या साड्यांच्या दुकानाकडे वळली. त्याचा मालक अप्पांचा जन्माचा प्रतिस्पर्धी! पण त्यानंही दुखवटा पाळून शटर ओढलेलं. जीप आपली चौकातच उभी.

एवढ्यात रिक्षातून अप्पा उतरले. बंद बाजार पाहून त्यांनी मुकाट्यानं चपला काढल्या आणि लंगडत येऊन आमच्या ओळीत हात जोडून उभे राहिले.

“कोण गेलं हो?” त्यांनी हळूच विचारलं.

“तुम्हीच, अप्पा,” बसवराजकाका म्हणाले.

जीपमधली माणसं पळतच आली. “मरणाची आवई उठली की आयुष्य वाढतंय! ह्याच्याहून चांगला शकुन कुठला?” म्हणत आजोबा गादीवर बसले. बस्ता संध्याकाळपर्यंत चालला. मी कोपऱ्यात अंग चोरून बसलो होतो.

शेवटी अप्पांनी मला जवळ बोलावलं. “जावईबापू, लई तेज विद्या हाय तुमची. आता एक करा. लग्नसराई संपस्तोवर रोज सकाळी चौकातल्या त्या दुकानात जाऊन शिकवा.”

इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणी माझी शिफारस केली, ती ही पहिलीच!