सगळ्यांची एकच आजी

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना मी प्रकल्प दिला होता. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाशी बोला आणि त्याच्या कामाबद्दल लिहा. लिहून आलेल्या प्रकल्पांचा गठ्ठा घेऊन कॉलेजातून, अकोल्याहून अमरावतीला परतताना एसटीत वाचायला काढला आणि मूर्तिजापूर येईपर्यंत माझं डोकं सणकलं. अर्ध्या वर्गाची आजी एकच होती! पहाटे उठायची, कपाळभर कुंकू लावायची, अंगणात सडा घालायची आणि नातवंडांना म्हणायची, 'माती हीच आपली आई.' मोबाइलमधल्या एआयनं सगळ्यांना एकाच साच्यातली म्हातारी काढून दिली होती. लेकरांनी गावं तेवढी बदलली होती.

कहर म्हणजे जुन्या शहरातल्या एका मुस्लिम मुलीची नानीसुद्धा कपाळभर कुंकू लावत होती.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावलं. "काय गं, नानी कुंकू कधीपासून लावायला लागली?"

तिला आधी हसू फुटलं, मग रडूच कोसळलं. "मॅडम, नापास नका करू. अब्बा म्हणते, यंदा पास नाही झाली तं घरीच बस."

"मग निदान वाचून तरी पाहायचं! का केलंस असं?"

"नानीले विचारलं होतं म्या. ते रजईले टाके घालून राहिली होती. म्हणे, 'बेटा, मेरे में लिखने जैसा क्या है?' मंग मोबाइलले विचारलं, तं त्यानं पटकन पानभर देऊन टाकलं."

माझा राग तिथेच ओसरला. नानीला स्वतःत काही दिसत नव्हतं आणि नातीनं ते खरं धरलं होतं. मला फार वाईट वाटलं. शून्य देऊन मोकळं होणं सोपं होतं, पण हात धजेना. म्हटलं, "पुन्हा जा. प्रश्न विचारू नकोस. नुसती शेजारी बस, सुई ओवून दे. तिला सांगून रेकॉर्डिंग कर."

सोमवारी तिनं मोबाइल आणून रेकॉर्डिंग लावलं. बराच वेळ नुसता कापड सरकल्याचा आवाज. मग नानी आपणहून बोलायला लागली. नवी सून असताना तिनं भरलेली पहिली रजई सासूनं सगळी उसवून टाकली होती आणि ती कापसाच्या ढिगात तोंड खुपसून रडली होती. सांगताना मात्र खो खो हसत होती. शेवटी म्हणाली, "अब आगे का तू लिख. तेरेको तो लिखना आता ना?"

रेकॉर्डिंग तिथेच संपलं. मुलीच्या हातात कोरे कागद होते.

"नानीले मी हो म्हटलं, मॅडम," ती खाली बघत म्हणाली. "पण मले येतच नाही. पहिलीपासून फळ्यावरचंच उतरवून राहिलो ना आमी."

पास-नापासाचं तिनं विचारलंही नाही. मी खुर्ची तिच्या बाजूला ओढली. खाडाखोड करत, पेन चावत तिनं पहिलं वाक्य लिहिलं. माही नानी कापसात तोंड खुपसून रडली होती.

मी ते 'माही' तसंच राहू दिलं.