जळमायची हाक

कोरीटच्या अंगणवाडीला घंटा कधी लागलीच नाही. खिचडी शिजली की मदतनीस प्रमिलाबाई पदर खोचून दारात उभी राहायची आणि साद घालायची, “या रे पोरेहोन, या! मी शे ना!”

‘मी आहे ना’ एवढं कानावर पडलं की आलीच पोरं! कापसातून, ओट्यांवरून, झाडांवरून. रुसलेलं, पडलेलं, घाबरलेलं पोरही त्या आवाजाकडे डोळे मिटून यायचं. पाच वर्षांची नात चेतना तर सगळ्यांच्या पुढे.

एक दिवस लोणखेड्याहून भाची स्वप्नाली लॅपटॉप घेऊन आली. ती ॲनिमेशन शिकायची आणि स्पर्धेसाठी सुपरहिरो कार्टूनचा पहिला भाग करत होती. नायिका जळमाय. विहिरीच्या तळाशी राहते आणि पोरावर संकट आलं की निळा पदर पसरून वर झेपावते. चित्रं तयार होती. आवाज मात्र स्वप्नालीला आपल्या फुईचाच, आत्याचाच हवा होता.

धान्याच्या खोलीत चारी भिंतींना गोधड्या टांगल्या आणि प्रमिलाबाईला माइकसमोर बसवलं. पडद्यावर एक मुलगी विहिरीच्या काठाशी, मागे राक्षस.

“मार उडी, बेटा. मी शे ना.”

“फुई, ग्रामसभाना ठराव वाची ऱ्हायनी का तू?” स्वप्नाली हसली. “खिचडीले बोलावस ना, तशी बोल.”

“पोरेसले मी ‘ये’ म्हनस. ‘उडी मार’ कसं म्हनू?”

“कार्टून शे ओ माय! तू आते हिरोईन शे!”

प्रमिलाबाई लाजली. तिने डोळे मिटले, दारासमोरची पोरं आठवली आणि तेच वाक्य पुन्हा बोलली. तशी अंगणात खेळणारी चेतना आजीकडे धावत आत. “मोठी माय, माले बलावं का?”

स्वप्नालीला ते भारी गोड वाटलं. प्रमिलाबाईच्या अंगावर काटा आला.

संध्याकाळी अंगणवाडीच्या भिंतीवर चादर लावून सगळ्या गावाला कार्टून दाखवलं. कडुनिंब, तुटका रहाट, बिनकठड्याची विहीर. स्वप्नालीने फोटो काढून सगळं हुबेहूब चितारलं होतं.

“आरे, हाई ते मन्ही विहीर!” मागून चुडामण आप्पा ओरडले. हशा, टाळ्या. मग जळमायने हाक दिली. पुढे बसलेली पोरं हसली नाहीत. ती उठली आणि चादरीकडे चालू लागली.

“स्वप्ना, ते वाक्य काढी टाक.”

“स्पर्धेले धाडी दिन्हं, फुई. गावना ग्रुपवर बी टाकी दिन्हं. दख, लोके कितला खूश शेतस!”

दुसऱ्या दिवशी खिचडी शिजली. प्रमिलाबाईने साद घातली. कुणी आलं नाही. तिने पुन्हा घातली, तेव्हा कापसाच्या पलीकडून उत्तर आलं. तिच्याच आवाजात.

“मार उडी, बेटा! मी शे ना!”

ती धावली. चपला कुठे सुटल्या तिला कळलं नाही.

आप्पांच्या विहिरीवर पोरं रांगेत उभी होती. कुणीतरी घरचा मोबाइल आणून दगडावर ठेवला होता. हाक विहिरीत उतरायची आणि घुमून वर यायची. सगळ्यांत पुढे चेतना, पायाची बोटं काठाबाहेर. वाकून खाली विचारत होती, “मोठी माय, शे ना तू तठे?”

‘चेतना!’ प्रमिलाबाईच्या ओठांवर आलं होतं. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला. या आवाजाने आता हाक दिली, तर पोर उडीच घेईल. ढेकळं तुडवत, श्वास दाबत ती मागून गेली आणि फ्रॉकच धरला.

चेतना दचकली. आजीकडे पाहिलं, मग विहिरीत.

“तू अठे? मंग खाले कोन बोलस?”

त्या दिवसापासून प्रमिलाबाई साद घालत नाही, थाळी वाजवते. पोरं येतात, पण रमतगमत, मागे बघत. चेतना सगळ्यांच्या शेवटी. कठडा कापूस निघाल्यावर बांधू, म्हणतात आप्पा. तोवर रोज दुपारी कुठल्यातरी ओट्यावर मोबाइलमधून जळमाय हाक देते, आणि प्रमिलाबाई थाळी आणखी जोरात बडवते.