आईच्या खोलीपर्यंत न पोचणारं नेट

आईचा उजवा हात आणि बोलणं, दोन्ही एकाच सकाळी लकव्यानं गेलं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा हात जरा हलायला लागला होता, शब्द मात्र अडकूनच बसले होते. जन्मभर शाळेत पोरांचे उच्चार सुधारणारी बाई, आणि तिला साधं 'पाणी' म्हणता येईना. आम्ही शहराच्या कडेला, वाडीला दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो. लिफ्ट नाही, खाली उतरलं की ट्रकच ट्रक. तिला घेऊन सारखं शहरात धंतोलीच्या दवाखान्यात जाणं शक्यच नव्हतं, म्हणून तिथल्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी व्हिडिओ कॉलवर शिकवायचं ठरवलं. "सुरुवातीचे महिनेच महत्त्वाचे असतात," असं त्यांनी बजावलं होतं.

थंडी होती तोवर ठीक चाललं. उन्हाळा लागला आणि नेट मरायला लागलं.

बाई पडद्यावर पेल्याचं चित्र दाखवायच्या. आई ओठ जुळवायची, तिच्या मानेच्या शिरा ताठायच्या, आणि शेवटी कसंबसं निघायचं, "पा... णी." तोवर पडद्यावर बाई अर्धवट उघड्या तोंडानं थिजलेल्या. मग चित्र हलायचं आणि त्या समजावणीच्या सुरात विचारायच्या, "आजी, प्रयत्न तर करा. काय आहे हे?" आई माझ्याकडे बघायची. ती नजर मला सहन व्हायची नाही. एकदा तिनं डाव्या हातानं लॅपटॉप खाडकन मिटला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

मी कंपनीला फोन केला. "मॅडम, राउटर बंद करके चालू कीजिए." केला. पुन्हा फोन, पुन्हा तेच. तक्रार नोंदवली तर घरी कोणी यायच्या आधीच मोबाईलवर मेसेज: आपली समस्या सोडवण्यात आली आहे. कोणी सोडवली? कधी? मी स्वयंपाकघरात उभी राहून त्या मेसेजवर मोठ्यानं ओरडले. दुसरं कोणी सापडतच नव्हतं ओरडायला.

खूप भांडल्यावर एक जण आला. हॉलमध्ये राउटरपाशी उभा राहिला आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. "पाहा ताई, स्पीड तं फुल येऊन राहिली. तुमचा लॅपटॉपच जुना असन."

"इथं नाही हो, आत चला. पेशंटच्या खोलीत पाहा."

"आत काय पाहाचं? इथं येऊन राहिली म्हणजे आतबी येते."

तेवढ्यात आतून आवाज आला. जड, पण स्वच्छ. "खोटं!"

मी धावत आत गेले. "आई, काय म्हटलं वं तू?" ती दाराकडे बोट रोखून होती. नवीन शब्द निघाला होता, आणि तो रागानं काढला होता. मी बाहेर येईपर्यंत तो माणूस जिना उतरून गेलेला. संध्याकाळी मेसेज आला: समस्या सोडवली.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप राउटरजवळ नेला आणि वायर थेट त्यात लावली. नेट सुसाट. म्हणजे लाइन चांगली होती, लॅपटॉपही चांगला होता. वायर काढून मी लॅपटॉप हातात धरून, स्पीड बघत बघत आईच्या खोलीकडे निघाले. हॉलमध्ये ठीक. उन्हाळा लागल्यापासून खोलीच्या दारात कूलर ठेवला होता, आईला हवा लागावी म्हणून. तो ओलांडला आणि आकडा धाडकन खाली आला. पत्र्याची भलीमोठी पेटी, आत टाकीभर पाणी, आणि राउटर नेमका तिच्या मागं, हॉलच्या बाजूला खालच्या फळीवर. मी कूलर ढकलला. स्पीड वर. परत जागेवर आणला. खाली.

इतकंच होतं. त्या माणसानं फक्त खोलीत पाऊल टाकायचं होतं.

मी राउटर तिथून काढला, लांब वायर आणून आईच्या दारावरच्या चौकटीशी खिळ्यांनी टांगला. दिसायला भिकार, पण चित्र अडकेना. आई मात्र लॅपटॉपसमोर बसायला तयार नव्हती. आठवडाभर मनधरणी केली. शेवटी बसली. पेल्याचं चित्र आलं, ती 'पाणी' म्हणाली, आणि बाईंनी लगेच टाळी वाजवली, "ऐकू आलं आजी, स्वच्छ ऐकू आलं! पुन्हा म्हणा."

"नाही," आई म्हणाली.

बाई हसल्या. मला हसू आलं नाही. ते सगळे दिवस तिनं म्हटलं होतं आणि कोणी ऐकलं नव्हतं. आता ती कोणाच्या हुकमानं पुन्हा कशाला म्हणेल?

मग कंपनीतून सेवा कशी वाटली हे विचारायला फोन आला. मी सगळं सांगितलं, कूलरपासून भिंतीकडे तोंड करून पडण्यापर्यंत. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "तो मैम, अभी प्रॉब्लम सॉल्व है ना?"

आई आता छोटी वाक्यं बोलते. 'चहा'ला कधी 'चावी' म्हणते, चुकल्याचं तिला लगेच कळतं आणि ती उशीवर मूठ आपटते. उपचार मधे थांबले नसते तर आज किती बोलली असती, हे मी बाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, तसं सांगता येत नाही. कंपनी मी बदलली. राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.