काविळीची माळ

साल २०२३. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंत आणि अक्कल त्याहून कमी. पण हे तेव्हा कुणी तोंडावर सांगितलं असतं तर त्याच्या अंगावर गेलो असतो.

नात ठाण्याला एका कंपनीत फोनवर बसायची. बिघडलेल्या फ्रिज-एसीच्या तक्रारी ऐकायच्या, सोबत शिव्याही. पुढे पुढे रिंग ऐकली तरी तिला घाम फुटायला लागला, जेवण जाईना. डॉक्टरांनी मनाला आराम हवा म्हणून महिनाभराची रजा लिहून दिली.

मी म्हटलं, "मनाची रजा? मानपाड्याला रंगाच्या कारखान्यात आख्खी नोकरी काढली मी. अंगात ताप घेऊन उभा राहिलेलो. रजा माहीत नाही आपल्याला."

"माहितीये," नात म्हणाली. "आजी सांगायची. घरी येऊन ताट भिरकावायचात."

यावर मला खोकला आला.

पण बिल्डिंगमध्ये सांगायचं काय? इकडे ठाकुर्लीत पोरगी भरदुपारी घरात दिसली की लोक विचारणारच. नात म्हणाली, "खरं ते सांगा." मी जिन्यात जाऊन ठोकून दिलं, "कावीळ झालीये." काविळीला इज्जत आहे, अशी माझी समजूत.

आमची बिल्डिंग सगळी कोकणातली. कावीळ म्हटल्यावर गप्प बसतील? संध्याकाळपर्यंत उसाचा रस हजर. हळद, तेल बंद. सून मुकाट्याने बिनफोडणीचं वरण रांधू लागली आणि तेच माझ्या ताटात वाढू लागली. तळमजल्यावरच्या वहिनींनी तर गावाहून मंतरलेली काड्यांची माळ मागवली आणि नातीच्या डोक्यावर ठेवली. ही माळ सैल होत, वाढत खाली उतरली की कावीळ उतरली. मग ती कुठवर आली ते बघायला रोज बायका येणार. बेल वाजली की पोरगी दचकायची. येणारी प्रत्येकजण तिचे डोळे फाकवून बघायची.

"पिवळे कुठायत हो, काका?"

"आतून आहेत," मी छातीठोकपणे सांगायचो.

शेवटी एका संध्याकाळी नात ऑफिसची बॅग भरायला बसली. "आजोबा, उद्यापासून कामावर जाते. तिकडे शिव्या देतात, पण डोळे तरी फाकवत नाहीत."

मी हसलो. ती हसली नाही. पाण्याच्या बाटलीचं झाकण तिने तीनदा लावलं, तीनदा वाकडं बसलं. तेव्हा माझी टरकली. ही अशीच गेली तर पार कोलमडेल, आणि रजा डॉक्टरांनी दिलेली, मोडली मी.

"जाऊ नकोस, बाळा. उद्यापासून बेल वाजणार नाही. माझ्यावर सोड."

"तुमच्यावर सोडलं म्हणूनच कावीळ झाली ना मला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बेलची वायर काढली, माळ स्वतःच्या गळ्यात घातली आणि जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलो. वहिनी रसाचा तांब्या घेऊन आल्या.

"कावीळ नाहीये, वहिनी. थाप मारलेली मी. पोरीचं मन आजारी आहे, डॉक्टरांनी आराम सांगितलाय. तिला झोपू द्या."

"अगंबाई! मग माळ तुम्ही कशाला घातलीत?"

"कावीळ मीच काढली ना? मग मलाच उतरवू द्या."

इतक्यात वरच्या मजल्यावरची तरुण नर्स रात्रपाळी करून आली. आमचं बोलणं ऐकून पायरीवर थांबली. वहिनी खाली जाईपर्यंत पर्समध्ये किल्ली शोधत राहिली, मग हळूच म्हणाली, "काका, ते डॉक्टर कुठे बसतात?"

मी पत्ता सांगितला, आणि वहिनी ठेवून गेलेला रस तिला प्यायला लावला.