नीलम्मा वहिनींचं नाक

परभणीत विहिरीवरची मोटार बंद पडली की शेतकरी ती गोणपाटात गुंडाळून नीलम्मा वहिनींकडे आणतो. वहिनी झाकण काढतात, वाकून वास घेतात आणि सांगतात, "जळली," नाहीतर, "चांगली हाय, घेऊन जावा." चांगल्या मोटारीला जळकी म्हणायचं आणि आतली तार बदलायची, ही या धंद्यातली जुनी खोड. वहिनींनी ती कधी लावून घेतली नाही. त्यांचे यजमान गुरुपाद माझे मित्र. ते गेले त्याला चौदा वर्षं झाली, तेव्हापासून दुकान त्याच चालवतात. शेजारी माझं टायरचं दुकान. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवण्याचा हा वेडेपणा मी रोज बघतो आणि रोज चिडतो.

आमच्या गल्लीतला नचिकेत इंजिनिअर होऊन परत आला आणि बॅटरीवर पळणारी शर्यतीची मोटारसायकल बनवतो म्हणाला. सांगाडा त्याचा, मोटार वहिनींची, टायर माझे आणि चालवायला वहिनींचा मुलगा विरेश. एवढाच आमचा संघ. तीन वर्षं पोखर्णीच्या रस्त्यावर सराव केला. त्या रस्त्याला वळणं मोजून तीन, आणि शर्यत दक्षिणेतल्या घाटात, एका फेरीला चाळीस वळणं! हात दाखवून अवलक्षण कशाला, असं मी म्हणालो. कुणी ऐकलं नाही. पहिल्या तिघांत आलो तर एक मोठी कंपनी गाडी बघायला परभणीला येणार होती. नाही आलो तर तीन वर्षं पाण्यात.

गाडी पिकअपमध्ये घालून घाटापर्यंत मी नेली. दीड दिवसात कंबर गेली. शर्यतीच्या सकाळी एकमेकांशी बोलणंही जिवावर आलं होतं, आणि विरेशचा तर दोन दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता.

सहा फेऱ्या होत्या. चौथ्या फेरीनंतर बॅटरी बदलायला विरेश थांबला तेव्हा आम्ही तिसरे होतो. कठड्याला घासून त्याची डावी बाही कोपरापर्यंत फाटली होती. हात असे थरथरत होते की पाण्याची बाटली तोंडाला लागेना.

"थांबायचं का रे?" मी विचारलं.

"दोनच फेऱ्या राहिल्यात, काका."

नचिकेतने नवी बॅटरी बसवली. "काकू, मोटार खूप तापलीय," तो म्हणाला. "सोडू का नको, तुम्हीच सांगा."

वहिनी वाकल्या. एरवी त्यांना एक श्वास पुरतो. त्या दिवशी वाकल्या त्या वाकलेल्याच राहिल्या. मग उठल्या आणि विरेशच्या हातांकडे बघत म्हणाल्या, "जळायलीय. सोडू नका."

वहिनींचा शब्द म्हणजे निकाल. नचिकेत मटकन खाली बसला. विरेशने हेल्मेट खाली टाकलं आणि तो सगळ्यांसमोर रडला. मला रडू आलं, रागही आला.

"तीन वर्षं गेली, वहिनी."

"गेली, भावजी."

परतीच्या वाटेवर कुणाला घास गेला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी विरेशने दुकानात मोटार उघडली. मी तिथेच होतो. तार नवीच्या नवी, तिच्यावरच्या वार्निशला साधा डागही नाही. त्याने आईकडे बघितलं.

"मी खोटं बोलले," वहिनी म्हणाल्या. "तुझे हात बघवंनात मला."

आता हा काय बोलतो म्हणून मी घाबरलो. विरेश उठला. जुनी तार सैल करायला वापरतात तो गॅसचा बर्नर त्याने पेटवला आणि ज्योत त्या चांगल्या मोटारीवर धरली.

"काय करायलास रे?"

"नचिकेत बघायला यायलाय. त्याला जळकीच दिसू दे, आई."

मी त्याचा हात धरायला हवा होता. नाही धरला. मलाही वहिनींची लाज झाकलेली हवी होती.

नचिकेत आला तेव्हा तार काळी पडली होती. त्याने ती बघितली आणि वहिनींना वाकून नमस्कार केला. "बरं झालं थांबवलंत, काकू. माझ्या हातून विरेशचं काही झालं असतं."

विरेशने आईकडे बघून मान हलवली, बोलू नको म्हणून.

"मोटार चांगली होती रे," वहिनी म्हणाल्या. "माझं लेकरू दमलं होतं."