खोली अकराची हजेरी

‘मंडळाच्या सदतीस वर्षांच्या वाटचालीत एकही सभासद आजारपणात एकटा पडलेला नाही,’ असे सरचिटणीस मधुसूदन औंढेकर यांनी स्मरणिकेच्या पहिल्याच पानावर ठळक टाइपात जाहीर केले आहे. मुद्रिते तपासण्याचे काम माझ्याकडे आहे. दुपारचे जेवण झाले आहे, पंखा फिरतो आहे, आरामखुर्चीत पाने छातीवर धरून मी आडवा झालो आहे आणि लाल पेन्सिल बोटांत असतानाच डोळे जड होत आहेत. पाच वाजता पाने छापखान्यात जायची आहेत.

झोपेच्या काठावरही मी त्या वाक्याला सोडत नाही. जुन्या पोथ्यांचे पाठ ताडून पाहण्यात हयात गेलेल्या माणसाला अशा वाक्यांचा स्वभाव ठाऊक असतो. ती पुराव्याशिवाय केलेली नसतात. पुरावा कसा तयार झाला, एवढेच त्यांना विचारायचे नसते. औंढेकरांचा पुरावा म्हणजे आमचे हजेरीपत्रक. मंडळ आमच्या वसतिगृहाच्या माजी विद्यार्थ्यांचे. तिथे रेक्टर रोज संध्याकाळी खोलीवार नावे पुकारीत, आणि जो ओ देणार नाही त्याला शोधायला त्याच्या खोलीतल्या सोबत्याला पिटाळीत. आम्ही शिकून पांगलो. कोणी पाटबंधारे खात्यात गेला, कोणी शाळेत, कोणी जनावरांच्या दवाखान्यात. पण जानेवारीतल्या मेळाव्यात ती हजेरी चालूच राहिली. ‘हजर’ आले नाही, तर दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दोघांनी त्याच्या दारात जाऊन उभे राहायचे, हा मंडळाचा पहिला नियम. नेत्रशिबिरे, रक्तदान, शाळांची ग्रंथालये हे सारे नंतरचे. पक्षाघाताने वाचा गेलेला आमचा एक मुख्याध्यापक या नियमानेच वेळेवर सापडला आणि पुढे अकरा वर्षे जगला.

नियम थोर आहे, म्हणून त्याच्या आडोशाने मारलेली थाप अधिक हलकी ठरते. परिशिष्टात सहा वर्षांपूर्वीची हजेरी छापली आहे. खोली अकरा: वामन देऊळगावकर, म्हणजे मी, हजर. निवृत्ती सुरवसे, हजर. त्या रविवारनंतर सतराव्या दिवशी निवृत्ती स्वतःच्या घरात एकटा मेला. आजारी वासरू घेऊन आलेल्या एका बाईने त्याला पाहिले. दाराला कडीसुद्धा नव्हती, असे ती सांगत होती. औंढेकरांच्या लेखी मात्र तो एकटा पडलेला नाही, कारण तो मेळाव्याला आला होता. ज्या गृहस्थाने मान वर न करता नुसत्या आवाजावर खूण केली, तो आज ‘एकही’ हा शब्द ठळक टाइपात...

“पेन्सिल दाबू नको, पंडित. कागद फाटंल.”

निवृत्ती समोर लोखंडी ट्रंकेवर बसला आहे. तोच अर्ध्या बाह्यांचा खाकी स्वेटर, तोच टिंक्चरचा वास. ट्रंक खोली अकरामधली आहे, खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी माझ्या सोसायटीची आहे, आणि मला त्यात काही वावगे वाटत नाही.

“तू कधी आलास?”

“मी कुठं आलो? तू झोपलास.” तो हात पुढे करून पान घेतो आणि डोळ्यांपासून लांब धरून वाचतो. “मी हजर होतो म्हणं. बरंय. जेवायला काय होतं?”

“भरली वांगी, भाकरी. शेवटी जिलबी.”

“जिलबी! मी किती खाल्ल्या ते नाही का छापलं?”

मी हसत नाही. “औंढेकराने वर पाहिले नाही. ज्याच्या हातात मंडळाचे हजेरीपत्रक, त्याने किमान...”

“त्याच्या मागं कामून लागलास? त्यानं ऐकलं ते लिहिलं. ओ कोणी दिली?”

आम्ही वसतिगृहाच्या व्हरांड्यातून चाललो आहोत. डाव्या हाताला खोल्या आहेत, आठ, नऊ, दहा, आणि प्रत्येक दारातून आत पाहिले की माझी पुस्तकांची कपाटे दिसतात. व्हरांडा संपतो तिथे मेळाव्याचे सभागृह आहे. तिसऱ्या रांगेत खुर्चीला बांधलेली एक म्हैस शांतपणे रवंथ करते आहे. निवृत्ती जाता जाता सवयीने तिच्या कानाला हात लावून ताप पाहतो.

“खोली अकरा. सुरवसे,” औंढेकर पुकारतात. मान खाली, पेन उघडे.

मी मागच्या रांगेत दाराशी बसलो आहे. माझा गळा आपोआप वर चढतो आणि त्यातून निवृत्तीचा आवाज निघतो, नाकातला, लांबवलेला: “हजऽऽर, सायेब!”

चार वर्षे मी हा आवाज काढला आहे. निवृत्ती मेसमागच्या लंगड्या कुत्रीला पट्टी बांधत असे आणि रेक्टरांना मी दोन आवाजांत ओ देत असे. मागची रांग खदखदून हसते. पुढच्यांना वाटते, सुरवसे नेहमीसारखा उशिरा आला. औंढेकर खूण करतात. पोथ्यांमध्ये रमलेल्या माणसाला असा हशा आयुष्यात फार वेळा मिळत नाही. मी तो कानांत साठवून घेतो.

“अजून जमतं की रं तुला,” शेजारच्या खुर्चीवरून निवृत्ती म्हणतो. त्याच्या आवाजात खरेच कौतुक आहे.

“त्या दिवशी तू का नाही आलास?”

“चल, दाखवतो.”

सभागृहाचे दार त्याच्या घरात उघडते. पुढे दवाखाना, मागे राहायची खोली. मी इथे कधीही आलेलो नाही, हे मला आत पाऊल टाकल्यावर कळते. बायको गेल्यानंतर एकट्याने राहणाऱ्या माणसाची टापटीप आहे: एक ताट, एक तांब्या, दोरीवर एक टॉवेल. फक्त ओट्यावर दोन कप धुऊन पालथे घातले आहेत.

“हे कोणासाठी?”

“येणाऱ्या दोघांसाठी. हजेरीला ओ नाही म्हणल्यावर सोमवारी कोणी तरी येणारच होतं.” तो कप सुलटे करतो आणि आत फुंकर मारतो. “छातीत लई भरून यायचं, पंडित. पण फोन करून ‘मला बरं नाही, या’ असं मी जन्मात कोणाला म्हणलंय का? जीभच वळंना. म्हणलं, मेळाव्याला जाऊच नाही. आपण गप बसलं की मंडळ येतंय.”

“म्हणजे तुझे न येणे...”

“तेच माझं बोलावणं होतं.”

पंखा कुठेतरी फिरतो आहे. मला बसायला जागा हवी आहे. तो ट्रंक पुढे सरकवतो.

“सोमवारी कोणी आलं नाही. म्हणलं, एस्टी चुकली असंल. मंगळवारी पुन्हा कप धुतले.” एवढे बोलून तो चहा ओततो. कप माझ्या हातात ऊन लागतो. “पी. साखर कमी टाकलीय, तुझ्या डॉक्टरनं सांगितलंय ना.”

“तुला माझा राग येत नाही?”

“तुझा? कॉलेजात तू ओ दिली नसती तर रेक्टरनं मला हाकलला असता. जनावरांचा डॉक्टर कुठला होतो मी? तीस वर्षं गाई-म्हशी बऱ्या केल्या त्या तुझ्याच ओ वर.” तो हसतो. त्याचा पुढचा दात अजूनही तुटलेला आहे. “एक काम कर. मला गैरहजर लाव.”

“आता? सहा वर्षांनी?”

“हजार वर्षांपूर्वीच्या लोकांच्या चुका दुरुस्त करतोस की लेका. मी तर कालचा.”

“त्याने काय साधेल?”

“औंढेकराचं पान वाचून सगळे निवांत झोपतील, की आपल्यात कोणी एकटं पडत नाही म्हणून. पुढच्या जानेवारीत माझ्यासारखा एखादा गप बसला, तर निदान कोणी मागं वळून बघावं, आवाज कोणाचा आहे ते.”

“मी औंढेकरावर सविस्तर टीप लिहितो.”

“त्याचं नाव नको. ओ ज्याची, त्याचं लिही.” तो माझ्या हातातला कप घेतो, विसळतो आणि ओट्यावर पालथा घालतो. “जाताना दार लोटून घे. कडी लावू नको.”

मी दार लोटतो आणि त्याचा आवाज होतो तो माझ्या घराच्या खिडकीचा आहे. पाच वाजायला दहा मिनिटे आहेत. पेन्सिलीचे टोक मोडलेले आहे, बोटांना लाल भुकटी लागली आहे आणि छातीवर चौसष्टावे पान उघडे आहे. त्यावर निवृत्तीच्या नावापुढचा ‘हजर’ हा शब्द दोन रेघांनी खोडला आहे. समासात, पडल्या पडल्या लिहिल्यामुळे वर चढत गेलेल्या ओळींत, निःसंशय माझेच हस्ताक्षर आहे. त्यात एकही संदर्भ नाही, औंढेकरांचे नाव नाही. पाठ जसा सापडला तसा, काना-मात्रा न बदलता मी छापखान्याकडे धाडतो आहे:

‘खोली अकरा, निवृत्ती सुरवसे: गैरहजर. त्याच्या नावाला ओ मी दिली, मागची रांग हसावी म्हणून. त्या सोमवारी त्याच्या घरी कोणी गेले नाही, ते माझ्यामुळे. वामन देऊळगावकर, खोली अकरा.’